होडी बुडवायचा बेत

होडी बुडवणं हे ऐकायला वाटतं तितकं सोपं काम नाही. लाकडाची होडी तरंगण्यासाठीच बांधलेली असते. तिला दुसरं काही येत नाही. त्यातून ज्या माणसाने सगळा जन्म तिच्यातलं पाणी बाहेर फेकण्यात घालवला, त्याने ते मुद्दाम आत घ्यायचं म्हणजे आधी स्वतःच्या हातांची समजूत काढावी लागते. शेठला हे सगळं नंतर कळलं.

त्याला धक्क्यावर सगळे शेठ म्हणायचे, कारण त्याच्याकडे एक होडी होती. होडी सासऱ्यांची. राहतं घरही सासऱ्यांचंच. घरजावई होऊन आला तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी होती, तिचीही कडी आता तुटली होती. स्वतःचं म्हणावं असं त्याच्याकडे फक्त कंबरेचं दुखणं होतं. ते मात्र त्याने कष्टाने मिळवलेलं होतं.

त्या हंगामात मासळीने किनाऱ्याकडे पाठ फिरवली. जाळ्यात जेलीफिशचा लगदा यायचा. तो झाडून टाकता टाकता हातांची आग व्हायची, रात्री ते अंथरुणाबाहेर ठेवून झोपावं लागायचं. इंजिन म्हातारं झालेलं. हँडल मारून मारून खांदा निखळायची वेळ आली की मग ते एकदा खोकायचं, काळा धूर सोडायचं आणि उपकार केल्यासारखं चालू व्हायचं.

होडीवर कामाला एकच गडी उरला होता. त्याला सगळे घाई म्हणत, कारण त्याला जन्मात कशाची घाई झालेली कोणी पाहिली नव्हती.

"शेठ," जाळं ओढता ओढता घाई म्हणाला, "आज जड लागतंय."

"मासळी असेल."

"नाही. मीच थकलोय."

जाळं वर आलं. लगदा, एक फाटकी चप्पल आणि मूठभर बारकी मासळी. घाईने चप्पल उलटसुलट करून पाहिली, पायाला लावून पाहिली आणि म्हणाला, "डावी आहे. उजवीसाठी पुन्हा टाकू या का?"

शेठ हसला नाही. त्याने इंजिनाकडे पाहिलं आणि आपला दुसरा खांदा चोळला. आता त्याची पाळी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फाच्या दुकानाशी रांग लागली होती. बर्फाशिवाय होडी नेण्यात अर्थ नसतो. सापडेल तेही परत येईपर्यंत वास मारायला लागतं. शेठचा नंबर आला तेव्हा बर्फवाला त्याच्या डोक्यावरून मागच्या माणसाकडे पाहत म्हणाला, "आज बर्फ नाही."

त्याच्या मागे भिंतीला टेकून बर्फाच्या लाद्या उभ्या होत्या. त्यांच्यातून वाफ निघत होती.

"ह्या काय मग?" शेठने विचारलं.

"ह्या इतरांच्या."

मागच्या माणसाने आपली पाटी पुढे सरकवली. तो होता मेहुणा, म्हणजे शेठच्या बायकोचा चुलतभाऊ. सासऱ्यांनी होडी द्यायची ठरवली तेव्हा त्यानेही मागितली होती. ती जावयाला मिळाली, त्या दिवसापासून तो शेठशी बोलत नव्हता. मग त्याने लोकांच्या होडीवर राबून राबून स्वतःची होडी उभी केली. मागच्या हंगामात त्याने बहिणीकरवी निरोप धाडला होता, की झेपत नसेल तर होडी मला द्या. शेठने उलट निरोप धाडला, की फोडून सरपण करीन. त्यावर पुढे काही बोलणं निघालं नाही.

मेहुण्याने लाद्या भरून घेतल्या आणि कोणाकडे न बघता निघून गेला. शेठ रिकामी पाटी घेऊन तिथेच उभा राहिला. त्याला घरी जाऊन सांगण्याजोगं काही सुचत नव्हतं.

रांग संपल्यावर बर्फवाल्याने त्याला आत बोलावलं. आतल्या खोलीत भुसा, पोती आणि हाडात शिरणारा गारठा. बर्फवाला स्वभावाने थंड होता. आवाज चढवताना त्याला कोणी ऐकलं नव्हतं.

"बसा शेठ. रागावू नका. लोकांसमोर तसं बोलावं लागतं."

"माझ्याशीच का पण?"

"कारण बर्फाची उधारी थकलीय, तुमचं इंजिन गेलंय, हंगाम गेलाय, आणि बाकी होडी तेवढी उभी आहे." त्याने पोत्यावरचा भुसा झटकला. "होडीचा विमा आहे ना?"

"तुम्हीच काढून दिला होता."

"मग ती अशी जिवंत ठेवून काय उपयोग?"

शेठला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो उठला. मग पुन्हा बसला, कारण कंबरेत कळ आली. पुढे आयुष्यभर त्याचा असा समज राहिला, की त्या वेळी कंबर धरली नसती तर तो ताडकन बाहेर निघून गेला असता.

बर्फवाल्याने सगळं शांतपणे समजावलं. खडकाच्या पलीकडे तळ खोल आहे. एकट्याने जायचं. इंजिनामागे तळाला जुन्या नळाचं भोक आहे, लाकडी गुडदी ठोकून बंद केलेलं. ती आजच किनाऱ्यावर सैल करून ठेवायची; तिथे गेल्यावर एक लाथ. "माझा माणूस जवळपास गळ टाकून बसेल. तो तुम्हाला उचलेल. तुम्ही रडायचं. रडता येतं ना?"

"सध्या येतं."

"आणि एक लक्षात ठेवा. होडी पुरती खाली जाईपर्यंत वल्हं उभं करायचं नाही."

हे सांगायची खरं तर गरज नव्हती. समुद्रात कोणी वल्हं उभं धरून त्याला सदरा बांधला, की त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला त्याचा अर्थ एकच लागतो: बुडतोय, या. मग दिसेल तो हातातलं टाकून येतो. भांडण असलं तरी येतो.

"सगळे धावून येतील," बर्फवाला कंटाळून म्हणाला, "आणि ही माणसं नुसता माणूस काढून थांबत नाहीत. होडीसकट ओढून आणतात. त्यांना तेवढंच येतं."

निघताना त्याने शेठला बर्फाची एक लादी दिली. फुकट.

दुपारी किनारा सामसूम असतो. ओहोटीत होड्या कलंडून पडलेल्या, माणसं जेवून आडवी झालेली. शेठ छिन्नी-हातोडा घेऊन होडीत उतरला. इंजिनामागे पोटावर पडून त्याने गुडदीभोवती फटी बुजवायला भरलेली जुनी लांबी खरवडली. घाम नाकावरून टपटपत होता. गुडदी त्याच्या लग्नाआधीची, सासऱ्यांनी ठोकलेली. ती हलेना. शेठने तिला एक शिवी दिली, मग लगेच सासऱ्यांची मनात माफी मागितली आणि पुन्हा छिन्नी लावली. शेवटी ती कुरकुरली. दोन बोटांनी हलेल इतकी सैल करून त्याने हातोडा खाली ठेवला आणि बराच वेळ तसाच पडून राहिला. तळाच्या ओल्या लाकडाचा वास नाकात बसला होता. त्या वासात त्याला नेहमी झोप यायची. आज आली नाही.

वर येताना त्याची नजर स्टोव्हवर पडली. स्टोव्ह चांगला होता. किटलीला एवढासा पोचा होता, पण चहा ओतताना एक थेंब सांडायचा नाही. घोंगडी होती. रेडिओ होता, त्याला थोबाडीत मारली की लागायचा. हे सगळं तळाला जाणार याचं त्याला फार वाईट वाटलं. होडीचं काय, ती ठरल्यासारखी जाणार होती. किटलीने काय केलं होतं?

त्याने सगळं घोंगडीत बांधलं आणि घरी आणलं.

बायको ओसरीवर जाळं शिवत बसली होती. तिने गाठोड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"अहो, हे काय?"

"घासायला आणलं."

"घोंगडी घासणार?"

"घोंगडी धुवायला. बाकीचं घासायला."

"आणि रेडिओ?"

"रेडिओ... असू दे घरी. बाबांना ऐकायला."

"बाबांना ऐकू येत नाही."

 शेठ हातपाय धुवायला गेला. बायकोने सुई तशीच जाळ्यात अडकवून ठेवली आणि ती अंगणात उभी राहून किती तरी वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

संध्याकाळी त्याने घाईच्या घरी जाऊन सांगितलं, की उद्या काम नाही, इंजिन बघायला एकटाच थोडं बाहेर जाऊन येतो. घाई आधीच आडवा झाला होता. पडल्या पडल्या म्हणाला, "बरं झालं, मी काय कारण सांगावं त्याच विचारात होतो."

सकाळी भरतीला होडी तरंगली तेव्हा तिच्यात आधीच कोणी तरी बसलेलं होतं. पुढच्या टोकाला, नाळेपाशी, कानटोपी घालून, काठी मांडीवर आडवी धरून. सासरे.

"मामा, तुम्ही कुठे?"

सासऱ्यांना ऐकू येत नव्हतं. तो हातवारे करायला लागला तेव्हा त्यांनीच सांगून टाकलं. "जावईबापू, आज मी येतो. पोरगीने खुणांनी सांगितलं, बाबा, इंजिन बिघडलंय, तुम्ही जाऊन बघा. तुम्हाला कळेल."

"ऊन लागेल तुम्हाला!"

"हो, हो. सोडा दोर."

धक्क्यावर माणसं होती, मेहुण्याची होडीही सुटत होती. तिथे आरडाओरडा करून म्हाताऱ्याला उतरवणं बरं दिसलं नसतं. शेठने हँडल मारलं. इंजिन त्या दिवशी पहिल्या फटक्यात चालू झालं. असं ते कधीच होत नसे.

खडकाच्या पलीकडे पाणी शांत होतं. दूरवर चार होड्या, त्यांतली एक मेहुण्याची, जाळं टाकून बसलेली. अलीकडे बर्फवाल्याचा माणूस एका लहानशा होडीत गळ धरून होता. त्याला गळाचं काही कळत नसावं. आमिष न लावताच तो बसला होता. शेठने त्याला हाताने खूण केली, की आज नाही. त्याने ती कशी समजून घेतली कोण जाणे, त्यानेही हात हलवला.

सासऱ्यांनी चपला काढल्या होत्या. इंजिन कानाने ऐकू येईना तेव्हापासून ते पायांनी ऐकत. तळवे फळीवर टेकून, डोळे मिटून ते बसले होते. चेहऱ्यावर समाधान होतं.

"धडधड बरी आहे," ते म्हणाले. "उगाच नावं ठेवता तुम्ही."

शेठने कपाळावरचा घाम पुसला. आज नाही तर उद्या बघू, तो मनात म्हणत होता. उद्या म्हाताऱ्याला खोलीत कडी लावून निघू. गुडदी परत घट्ट ठोकावी असं त्याला वाटलं नाही असं नव्हे, पण उद्या पुन्हा छिन्नी घेऊन आडवं पडायचं त्याच्या कंबरेच्या जिवावर आलं.

"जावईबापू," सासरे डोळे न उघडता म्हणाले, "पाय ओले झाले."

शेठने खाली पाहिलं. इंजिनामागून पाणी येत होतं. चांगल्या धडधडीने गुडदीला लाथेची गरजच ठेवली नव्हती.

तो उडी मारून खाली गेला. भोकातून हाताएवढी धार उसळत होती आणि गुडदी कुठे तरी तेलकट पाण्यात तरंगत होती. त्याने हात घातला; हाताला लागली नाही. अंगातला सदरा काढून बोळा कोंबला. पाण्याने तो थुंकून टाकला. शेवटी तो तिथेच बसला आणि उजव्या पायाची टाच त्याने भोकात रोवली. धार थांबली. पूर्ण नाही, बऱ्यापैकी.

"मामा! वल्हं! वल्हं उभं करा!"

सासऱ्यांना ऐकू आलं नाही, पण त्यांना सांगावं लागलंच नाही. म्हाताऱ्याने वल्हं केव्हाच उचललं होतं.  टोकाला त्यांनी कानटोपी लावली. मग वल्हं दोरांत अडकवून ते खाली उतरले, डबा उचलला आणि पाणी उपसायला लागले.

आणि शेठचे हातही उपसायला लागले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. टाच भोकात, पाणी मांडीपर्यंत, इंजिन एकदा खोकून गप्प झालेलं, आणि तो पत्र्याचं डबडं भरून बाहेर फेकतोय, पुन्हा भरतोय. खरं तर आता टाच काढायची, म्हाताऱ्याला पाठीवर घ्यायचं आणि बर्फवाल्याच्या माणसाला हाक मारायची, एवढंच करायचं होतं. सगळं आपसूक जुळून आलं होतं. दरवाजा असा उघडा असताना तो पायाने दाबून धरून बसला होता. टाचेत पेटके येत होते. कंबरेचं तर विचारायलाच नको.

पहिली आली ती मेहुण्याची होडी. इंजिन पिळवटून आली. तिच्या कडेला जाळ्याचा तुटका दोर लोंबत होता. टाकलेलं जाळं ओढून घ्यायला वेळ लागतो, म्हणून मेहुण्याने कोयत्याने दोर तोडून जाळं समुद्राला देऊन टाकलं होतं. त्याची माणसं होडीला होडी लावून दोर बांधेपर्यंत तो खाली उतरला.

त्याने शेठला पाहिलं. टाच पाहिली. मग पाण्यात हात फिरवून गुडदी शोधली आणि डोळ्यांसमोर धरली. तिच्या कडेला छिन्नीचे ताजे, पांढरे चरे होते.

शेठ काही बोलला नाही. मेहुणाही बोलला नाही. तसंही ते बोलत नव्हतेच. त्याने गुडदीला फडकं गुंडाळलं, शेठचा पाय घोट्याला धरून बाजूला केला आणि चार दणक्यांत ती ठोकून बसवली. शेठची टाच सोलून निघाली होती.

मग बाकीच्या होड्या आल्या. बर्फवाल्याचा माणूसही आला. सगळे उपसत असताना एकट्याने बघत राहणं वाईट दिसलं असतं, म्हणून त्यानेही डबडं घेतलं आणि मन लावून उपसलं. सगळ्यांनी मिळून होडी दोन होड्यांच्या मध्ये बांधून धक्क्याला आणली. अर्धा गाव जमला होता. सासरे ज्याला त्याला सांगत होते, "जावयाने पाय घातला भोकात! पाय! आमच्या वेळी असं कोणी केलं नसतं!" माणसं शेठच्या पाठीवर थोपटत होती. प्रत्येक थाप त्याला कंबरेपर्यंत जाणवत होती. बर्फवाला गर्दीच्या कडेला उभा होता. तोही पुढे येऊन म्हणाला, "वाचलात शेठ," आणि पुढच्या पहाटेपासून त्याने शेठला ओळखही दाखवली नाही.

घरी बायकोने टाचेला हळद लावली. जोरात लावली.

"बाबांना मी पाठवलं," ती म्हणाली.

"माहितीय."

"काय माहितीय तुम्हाला? स्टोव्ह घरी आणलात. किटली आणलीत. लग्न झाल्यापासून कधी घासली नाहीत. घोंगडी आणून ठेवलीत. घाईला नको म्हणालात. माणूस असं सगळं घरात आणून ठेवतो आणि एकटा समुद्रावर जातो, म्हणजे बाईने काय समजायचं?"

शेठने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते.

"तसं नव्हतं गं," तो म्हणाला. "मी... फक्त होडीच बुडवणार होतो."

"फक्त होडीच?"

"विम्यासाठी."

तिने टाच खाली सोडली. ती हसेल की रडेल हे तिचं तिलाही कळेना, म्हणून तिने आधी त्याच्या दंडावर एक चापट मारली.

"मेल्या माणसा, मी रात्रभर जागी! बाबा बरोबर असले तर तुम्ही स्वतःला काही करून घेणार नाही, एवढाच माझा आधार. आणि तुम्ही होडीच फक्त!" मग थोड्या वेळाने, नाक पुसत, "बुडवायचीच होती तर नवा दोर का नाही आणलात? किटली कसली आणता?"

"दोर काढला असता तर संशय आला असता."

"हो. किटलीने नाही आला."

ती उठून चुलीकडे गेली. तिथूनच म्हणाली, "त्याने जाळं तोडलंय तुमच्यासाठी. त्याचा हंगाम गेला आता. उद्यापासून त्याच्या होडीवर जा."

"गडी म्हणून?"

"नाही, शेठ म्हणून."

तो गेला. पाय लंगडत होता तरी गेला. मेहुण्याने त्याला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. जुनी जाळी ठिगळं लावून वापरायची होती. ती जागोजाग अडकायची, दर वेळी हाताने सोडवावी लागायची. मेहुण्याचे गडी त्याची टर उडवायचे. "शेठ, जरा जोरात," "शेठ, तुमची टाच सांभाळा, होडीला भोक नाही इथे." तो खाली मान घालून दोर ओढायचा. दुसऱ्याच्या होडीवर कंबर जास्त दुखते की कमी, हे त्याने काही दिवस ताडून पाहिलं. सारखीच दुखत होती.

एका दुपारी बाकीचे गडी नाळेकडे जेवत होते. मागे दोघेच जाळं ओढत होते. मेहुणा दोराकडे बघत म्हणाला, "दाजी."

इतक्या काळानंतर आलेल्या त्या शब्दाने शेठच्या हातातला दोर सुटता सुटता राहिला.

"गुडदी आतून सैल केली होती," मेहुणा म्हणाला.

"हो."

"बुडवणार होता."

"हो."

जाळं थोडं वर आलं. त्यात काही नव्हतं.

"मी मागितली होती ना ती."

"मागितली होतीस."

"म्हणजे तळाला गेली तर चालत होतं. माझ्याकडे आलेली चालत नव्हती."

शेठने विचार केला. खोटं बोलण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती. "हो," तो म्हणाला. "तुझ्याकडे आली असती तर रोज दिसली असती."

 जाळं एका ठिकाणी अडकलं, ते दोघांनी मिळून सोडवलं. मग मेहुणा म्हणाला, "अजूनही घेईन मी ती. तुम्ही सुकाणूला राहा. मला दोन होड्या एकट्याने कशा चालवता येतील?"

शेठने तोंडावरचं खारं पाणी बाहीने पुसलं. उत्तर द्यायला तो वेळ लावत होता, पण ते कधीच ठरलेलं होतं, हे दोघांनाही कळत होतं.

"ती चांगली नाही राहिली आता," तो म्हणाला.

"काय काय झालंय?"

मग तो सांगू लागला. डाव्या अंगाच्या खालून दुसऱ्या फळीतून झिरपतं. बर्फाच्या कप्प्याचं झाकण बसत नाही. सुकाणू उजवीकडे ओढ खातं. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना बापाने आपणहून तिच्या खोडी सांगाव्यात, तशा त्याने एकेक सांगितल्या, काही लपवलं नाही. इंजिनापर्यंत आला तेव्हा त्याने पुन्हा तोंडावरून बाही फिरवली. मेहुण्याने दुसरीकडे तोंड फिरवलं आणि तो दोर ओढत राहिला, त्यामुळे शेठला पुढचं सांगता आलं.